तुटलेली भावकी शोधताना: कागद आधी, गाव नंतर

आजोबा किंवा पणजोबा गाव सोडून मुंबईला, पुण्याला, बडोद्याला किंवा इंदूरला गेले आणि दोन पिढ्यांत गावाशी संबंध तुटला, अशी असंख्य मराठी घरं आहेत. नातवंडं शोधाला लागतात तेव्हा बहुतेक जण सुरुवातच उलटी करतात. फेसबुकवर आडनाव टाकतात, नाहीतर सुट्टी काढून थेट गाव गाठतात आणि तलाठ्याकडे सातबारा मागतात. आडनावावरून ढीगभर परकी माणसं सापडतात. सातबारा मागितला की संध्याकाळपर्यंत गावभर होतं, 'मुंबईकर जमिनीत वाटा मागायला आलेत'. मग ज्यांना भेटायचं तीच माणसं दार लावून घेतात, आणि ते दार पुन्हा उघडायला वर्षं जातात.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी घरातली माणसं, मग घरातले कागद, मग घरबसल्या किंवा तालुक्याच्या ठिकाणी मिळणारे सरकारी कागद, आणि गाव सगळ्यात शेवटी.

टप्पा 1: घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारणे

सुरुवात वडिलांपासून नको, आत्यांपासून करा. भावाभावांचं बोलणं बंद झालं तरी माहेरवाशिणी एकमेकींची खबर ठेवून असतात. आत्या, चुलत आजी, वडिलांच्या मामेबहिणी हयात असतील तर पहिला फोन त्यांना.

'आपलं गाव कुठलं?' एवढंच विचारून थांबू नका. पुढचे प्रश्न जास्त देऊन जातात:

- आपलं सुतक कोण धरायचं? कोणाच्या घरी कोणी गेलं की आपल्याकडे दहा दिवस पाळायचे? ज्यांचं सुतक धरलं ती भावकी, बाकीचे आडनावबंधू.
- कुलदैवत कुठलं, आणि दर्शनाला नेमकं कुठल्या देवळात जायचे? 'खंडोबा' एवढं पुरत नाही. जेजुरी, पाली की आणखी कुठला, ते हवं.
- लग्नात देवक कशाचं बसायचं? गोत्र सांगत असतील तर तेही.
- गावाहून आजोबांकडे कोण यायचं? त्यांना हाक काय मारायचे?
- घरात कोणी दत्तक गेलं किंवा आलं होतं का? कोणाचं दुसरं लग्न झालं होतं का?

शेवटचा प्रश्न अवघड वाटला तरी विचाराच. दत्तक गेलेल्या मुलाच्या बापाचं नाव बदलतं, बहुधा आडनावही बदलतं, आणि वंशावळ नेमकी तिथेच तुटलेली दिसते.

प्रत्येकाची दोन नावं लिहा, एक हाकेचं आणि एक कागदावरचं. अण्णा, तात्या, नाना, बाळू ही नावं एकाही दप्तरात सापडणार नाहीत. घरात 'दादा' म्हणून ओळखला जाणारा माणूस कागदावर पांडुरंग असेल, आणि जुन्या कागदावर नुसता 'पांडू'.

सावध: 'मी गावाला जाणार आहे' असं या टप्प्यावर कोणालाही सांगू नका. घरातल्याच कोणीतरी जुन्या भांडणाची आठवण काढून वाट अडवण्याची शक्यता असते.

टप्पा 2: घरातले कागद

ट्रंक, देव्हाऱ्याखालचा कप्पा, जुनी पासबुकं, सगळं बघा. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला मिळाला तर त्यावर जन्मठिकाण, जात आणि बहुतेकदा आधीच्या शाळेचं नाव असतं. गिरणीचा पास, भविष्य निर्वाह निधीचे कागद आणि जुनं रेशनकार्ड यांवर मूळ पत्ता असू शकतो. मनीऑर्डरच्या पावत्यांवर गावाकडे पैसे कोणाच्या नावाने जायचे ते लिहिलेलं असतं, आणि तो माणूस जवळपास नेहमीच सख्खा भाऊ किंवा बाप असतो.

सगळ्यात दुर्लक्षित राहतो तो कागद म्हणजे जुनी लग्नपत्रिका. 'निमंत्रक' आणि 'आपले नम्र' यांखाली छापलेली नावं म्हणजे त्या वर्षीची भावकीची यादीच. 1960-70 च्या दशकातली एक पत्रिका हाती लागली तर निम्मं काम झालं.

टप्पा 3: गाव नक्की करणे

एकाच नावाची गावं महाराष्ट्रात ढिगाने आहेत, त्यात बुद्रुक आणि खुर्द वेगळे. गावासोबत तालुका नक्की होत नाही तोवर पुढे जाऊ नका.

जिल्हे बदललेत हेही लक्षात ठेवा. आजोबांच्या दाखल्यावर 'जिल्हा रत्नागिरी' असेल आणि गाव आज सिंधुदुर्गात असेल, कारण तो जिल्हा 1981 मध्ये वेगळा झाला. त्याच वर्षी औरंगाबादमधून जालना निघाला. लातूर आणि गडचिरोली 1982 चे, वाशीम आणि नंदुरबार 1998 चे, हिंगोली आणि गोंदिया 1999 चे, पालघर 2014 चा. जुना 'कुलाबा' म्हणजे आजचा रायगड. बेळगाव, निपाणीकडची गावं 1956 पासून कर्नाटकात आहेत, त्यांची दप्तरं तिकडच्या कचेऱ्यांत मिळतात. जुन्या कागदावर तालुक्याऐवजी 'पेटा', 'महाल' किंवा 'तर्फ' असेल तर आजचा तालुका शोधून लिहा.

गाव धरणात गेलं असेल तर नकाशात शोधून उपयोग नाही. कोयना, उजनी, जायकवाडी या धरणांखालची गावं उठून दुसऱ्या तालुक्यांत, काही तर दुसऱ्या जिल्ह्यांत वसली. अशा वेळी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या पुनर्वसन शाखेत जुन्या गावाच्या नावाने चौकशी करा. खातेदारांच्या यादीत कोणाला कुठे जमीन दिली ते असतं.

पडताळा: गावात किंवा पंचक्रोशीत तुमच्या कुलदैवताचं ठाणं आहे का, आणि तुमच्या आडनावाची आळी किंवा वाडी आहे का? दोन्ही नसेल तर गाव चुकलं असण्याची शक्यता मोठी आहे.

टप्पा 4: जमिनीचे कागद, तेही तलाठ्याला न विचारता

घाई सगळ्यात जास्त इथेच होते. जमीन मिळवण्यासाठी नव्हे, तर नाती लिहिलेली आहेत म्हणून हे कागद वाचायचे आहेत.

महाभूलेखच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका आणि गाव निवडून नावानेही सातबारा शोधता येतो. आडनाव टाका, यादी उतरवून घ्या. विनास्वाक्षरी उतारा मोफत दिसतो, शोधाला तेवढा पुरे. डिजिटल स्वाक्षरीच्या उताऱ्याला 15 रुपये लागतात, तो आत्ता नको.

उताऱ्यावर तीन गोष्टी बघा. पहिली, कंस केलेली नावं. कंसातलं नाव म्हणजे कमी झालेला खातेदार, आणि शोधात तोच जास्त कामाचा. दुसरी, 'इतर हक्क' हा रकाना. वारसनोंदीच्या वेळी बहिणींची नावं पुष्कळदा मालकीच्या रकान्यात न घालता इथे टाकलेली असतात. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे फेरफार क्रमांक.

फेरफार म्हणजे जमिनीच्या नोंदीत झालेल्या बदलांची नोंद, गाव नमुना 6. खातेदार वारला की वारसनोंदीच्या फेरफारात त्याच्या मृत्यूची तारीख, वारसांची नावं, त्यांचं नातं, बऱ्याचदा वय आणि राहण्याचं ठिकाण लिहितात. 'मुलगा, रा. मुंबई' एवढी एक ओळ तुमच्या आजोबांना त्या घराशी जोडून देते. सातबाऱ्यावरचा सगळ्यात जुना फेरफार क्रमांक घ्या, तो काढा, त्यात उल्लेख असेल तो आधीचा काढा, आणि असं मागे मागे जा. 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर जुने फेरफार आणि हस्तलिखित सातबारे स्कॅन करून ठेवलेले आहेत. तुमचं गाव तिथे नसेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करा. तालुक्याच्या ठिकाणी तुम्हाला कोणी ओळखत नाही, तेच बरं.

अर्जात 'सर्व जुने रेकॉर्ड मिळावे' असं लिहिलं की अर्ज हमखास परत येतो. गावाचं नाव, गट किंवा सर्व्हे नंबर, फेरफार क्रमांक आणि साधारण वर्ष लिहा. जमिनीच्या तुकड्यांच्या एकत्रीकरणानंतर बऱ्याच गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. त्यामुळे जुना नंबर माहीत असेल तर आधी जुन्या-नव्या नंबरांचा जुळवणी तक्ता मागा.

जुन्या नोंदी वाचताना हे शब्द लागतील:

- बिन, वलद: अमक्याचा मुलगा. 'रामा बिन गोविंदा' म्हणजे गोविंदाचा मुलगा रामा. विदर्भ, मराठवाडा, खानदेशाकडे 'वलद' जास्त दिसतो.
- कोम, जौजे, भ्रतार: बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव लावताना.
- ए.कु.मॅ.: एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. थोरल्या भावाचं नाव लागलं, धाकट्यांची नावं आलीच नाहीत. तुमच्या आजोबांचं नाव उताऱ्यावर नाही म्हणून ते घर तुमचं नाही असं ठरवू नका. थोरल्याच्या नावापुढे ए.कु.मॅ. आहे का ते आधी बघा.
- अ.पा.क.: अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाचा पालनकर्ता. पालक म्हणून आई, चुलता किंवा मामा असतो.

मराठवाड्यात 1954-55 चं खासरा पत्रक आणि विदर्भात त्याच वर्षांचा अधिकार अभिलेख हा जुन्या नावांसाठी चांगला आधार आहे. त्याआधीच्या निजामकालीन नोंदी उर्दूत असतात, तर पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या नोंदी मोडी लिपीत. मोडी वाचणारा माणूस शोधताना पुराभिलेख संचालनालयाचा अभ्यासक्रम केलेला असेल तर उत्तम. त्याला मूळ पानाचा स्वच्छ फोटो द्या आणि लिप्यंतर ओळीला ओळ लावून मागा. नुसता 'गोषवारा' घेऊ नका, त्यात नावं गळतात.

सावध: शोधाच्या काळात वारसनोंदीचा अर्ज, हरकत किंवा दावा यातलं काहीही करू नका. तुमचा खरोखर जमिनीत हक्क आहे असं कागदावरून दिसलं तर वकिलाचा सल्ला स्वतंत्र घ्या. दोन्ही कामं एकाच फेरीत केली की नातं आणि हक्क दोन्ही कोर्टात जातात.

टप्पा 5: जमीन नसलेल्या घरांचा माग

बलुतेदार, शेतमजूर, कुळं यांची नावं सातबाऱ्यावर नसतीलही. त्यांच्यासाठी वेगळी दप्तरं आहेत.

गाव नमुना 14, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, ही गावच्या जन्ममृत्यूंची जुनी नोंदवही. ती बहुधा तहसीलच्या अभिलेख कक्षात असते. जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव नसणं नेहमीचं आहे. बापाचं नाव, जात आणि 'मुलगा' एवढंच लिहिलेलं असतं. म्हणून आजोबांचं नाव शोधत बसू नका, पणजोबांच्या नावाखाली त्या चार-पाच वर्षांत झालेले सगळे जन्म उतरवा. आजोबांची भावंडं अशी सापडतात.

गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर, विदर्भात दाखलखारीज रजिस्टर, हे दुसरं साधन. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. आजोबांच्या नोंदीच्या पुढेमागे दहा वर्षांत त्याच बापाचं नाव लावणारी मुलं बघा. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये, म्हणजे कर आकारणी नोंदवहीत, घरमालकांची नावं असतात, पण ती आजची.

वतनदार घरांची नावं वतन आणि इनामाच्या नोंदींत मिळतात. महार वतनाच्या जमिनींच्या नोंदी तहसीलमध्ये आहेत, आणि वतनाचा वाटा भावकीत फिरत असल्यामुळे त्यात एका कुळाची बरीच नावं एकत्र येतात. 1956 च्या धर्मांतरानंतर पुष्कळ घरांनी नावं, आडनावं बदलली. तेव्हा त्याआधीच्या कागदांत जुनी जात आणि जुनं नाव धरूनच शोधावं लागतं.

तीर्थक्षेत्रांतले उपाध्ये हा सगळ्यात जुना आधार. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण, काशी, गया, हरिद्वार इथल्या तीर्थपुरोहितांकडे यजमानांच्या नामावळ्या असतात. गेलेल्या माणसाने आपलं, बापाचं, आजाचं, भावांचं आणि मुलांचं नाव त्यात लिहून दिलेलं असतं. तिथे जाताना आडनाव, जात आणि मूळ गाव सांगा, कारण वह्या बहुतेक गावावारी लावलेल्या असतात. आजचं मुंबईचं ठिकाण सांगितलं तर 'नोंद नाही' हेच उत्तर मिळेल. दक्षिणा आधी ठरवा, पानाचा फोटो घेण्याची परवानगी मागा, आणि निघताना स्वतःची आजची नोंद पूर्ण लिहून द्या.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि सीमाभागात हेळवी घराण्यांकडे कुळांच्या वंशावळी असतात, काही भागांत भाटांकडे. तुमच्या गावाचा हेळवी कोण आणि तो कधी येतो, हे गावातल्या म्हाताऱ्यांना माहीत असतं. त्याची सांगणी ऐकावी, लिहून घ्यावी, पण कागदाचा दुजोरा मिळेपर्यंत ती एकटी धरू नये.

कोकणातून मुंबईत आलेल्यांनी ग्रामस्थ मंडळ विसरू नये. लालबाग, परळ, शिवडीकडे कित्येक गावांच्या मंडळांच्या खोल्या होत्या, काहींच्या अजून आहेत. एकट्या चाकरमान्याची राहायची, जेवायची सोय तिथेच व्हायची. मंडळाच्या वर्गणीच्या वह्यांत आजोबांचं नाव वाडीसकट सापडतं. मुंबईतच गाठ पडणारं हे गाव आहे, आणि जमिनीचा विषय इथे निघत नाही.

गोव्याकडचं मूळ असेल तर देवस्थानच्या महाजनांची, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत सभासदांची, यादी बघा, आणि गावकार कुळांसाठी कोमुनिदादचं, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचं, दप्तर. झोण, म्हणजे कोमुनिदादच्या उत्पन्नातला गावकाराचा वाटा, पुरुषवंशाने चालत आल्यामुळे ती नोंद बापाकडच्या शोधाला सरळ उपयोगी पडते. ख्रिस्ती घरांना चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंदवही आहेच.

टप्पा 6: वंशावळ मांडणे आणि तपासणे

मोठ्या कागदावर पिढ्या आडव्या ओळीत मांडा. प्रत्येक नावाखाली जन्माचा अंदाज आणि माहिती कुठून आली ते लिहा. ऐकीव माहिती पेन्सिलने, कागदावरची पेनाने.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो आजोबांचं नाव नातवाला ठेवण्याच्या रीतीमुळे. गोविंद रामजी, त्याचा मुलगा रामजी गोविंद, त्याचा मुलगा पुन्हा गोविंद रामजी. 1920 च्या नोंदीतला गोविंद आणि 1970 च्या नोंदीतला गोविंद एकच समजलात की मधली एक अख्खी पिढी आणि तिच्यापासून फुटलेली सगळी घरं गळतात. बापलेकाच्या वयात साधारण 20 ते 35 वर्षांचं अंतर पडतंय का, ते प्रत्येक जोडीला तपासा. 60 वर्षं पडत असतील तर मधलं कोणीतरी राहिलंय.

आजच्या माणसांपर्यंत यायला गावची मतदार यादी चांगली. त्यात नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय आणि घर क्रमांक असतो. तुमच्या वंशावळीतल्या शेवटच्या माहीत माणसाचं नाव 'वडील' म्हणून लावणारे कोण आहेत ते काढा.

पडताळा: स्वतंत्र दोन कागद आणि एक माणूस असं तिघांचं एकमत झालं तरच नातं पक्कं धरा. आडनाव, गाव आणि कुलदैवत जुळलं तरी ती भावकीच असते असं नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज (10 रुपये शुल्क, 30 दिवसांत उत्तर) जुन्या महसुली नोंदींसाठी कामाला येतो. दुसऱ्याचं रेशनकार्ड, पेन्शन, आधार मागाल तर वैयक्तिक माहिती म्हणून नकार येईल, आणि तो योग्यच आहे.

टप्पा 7: पहिला संपर्क

थेट दारात उभे राहू नका. मध्ये एक माणूस घ्या: गुरव, निवृत्त शिक्षक, मंडळाचा जुना कार्यकर्ता, किंवा त्या घरची बाहेर दिलेली लेक. पोलीस पाटील चालेल, पण सरपंच नको. तो कोणत्या ना कोणत्या गटाचा असतो आणि तुम्ही नकळत त्या गटाचे ठरता.

त्याच्या हाती एक पत्र द्या. फोनपेक्षा पत्र बरं. घरात चार जण वाचतात, विचार करायला वेळ मिळतो. मजकूर असा असावा:

'सा. न. वि. वि. मी अमुक, तमुक यांचा नातू. आमचे पणजोबा अमुक बिन तमुक हे आपल्या गावचे, ते साधारण 1935 च्या सुमारास मुंबईला आले. आमच्याकडच्या कागदांवरून आपले आजोबा आणि आमचे पणजोबा सख्खे भाऊ असावेत असं दिसतं. आपली ओळख व्हावी, कुलदैवताची माहिती मिळावी एवढीच इच्छा आहे. जमीनजुमल्याचा कोणताही विषय नाही. आपल्याला सोयीचं असेल तर खालच्या नंबरावर फोन करावा, आपण म्हणाल त्या दिवशी येईन.'

जमिनीचं वाक्य खरं असेल तरच लिहा. मनात वाट्याचा विचार असेल तर ते वाक्य गाळा, खोटं लिहू नका. पत्रासोबत वंशावळ जोडा, उतारे जोडू नका.

टप्पा 8: पहिली भेट

जत्रेच्या किंवा शिमग्याच्या दिवसांत सगळे गावात असतात हे खरं, पण गर्दीत कोणाला बसून बोलायला सवड नसते. जत्रेनंतरचा दुसरा-तिसरा दिवस धरा. दोघं-तिघंच जा, त्यात शक्यतो घरातलं एक म्हातारं माणूस असावं. आधी देवळात, मग घरात. पहिल्या भेटीत शेत बघायला जाऊ नका, घराची मापं विचारू नका, कागदांचे फोटो काढू नका. जुने फोटो न्या. ओळख त्यांनीच पटते. एखादी आजी फोटोतल्या माणसाला हाकेच्या नावाने ओळखते, आणि टप्पा 1 मध्ये लिहून ठेवलेलं नाव तिथे जुळतं.

वयाने लहान असलात तरी नात्याने मोठे ठरू शकता, किंवा उलट. कोण काका, कोण पुतण्या हे वंशावळीवरून आधीच काढून ठेवा.

सावध: पहिल्याच भेटीत कोणी हक्कसोडपत्रावर सही मागितली, किंवा तुम्हीच भरात येऊन 'आम्हाला काही नको' असं लिहून द्यायला निघालात, तर थांबा. हा कागद घरातल्या सगळ्या वारसांनी, त्यात लेकींनीही, विचार करून करायचा असतो. 'घरी बोलून कळवतो' एवढं पुरे. फोनवरून भावकी सांगून अडचणीसाठी पैसे मागणाऱ्याला पणजोबांच्या भावांची नावं विचारा.

पत्राला उत्तर आलं नाही तर लगेच दुसरं पाठवू नका. दिवाळीला नुसतं शुभेच्छापत्र धाडा. पुढे तुमच्या घरचं लग्न किंवा वास्तुशांत असेल तेव्हा पत्रिका पाठवा आणि निमंत्रकांत त्यांच्या थोरल्याचं नाव छापायची परवानगी मध्यस्थाकरवी मागा. मध्यस्थाकडे तुमचा पत्ता आणि दोन फोन नंबर कायम राहू द्या.

संपर्क जमला की वंशावळीची दुरुस्त प्रत दोन्ही घरांकडे द्या. जन्मतारखा, आधार क्रमांक, पत्ते असलेली प्रत व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नका. तिथे हयात माणसांची फक्त नावं असलेली प्रत जाऊ द्या.